समासातली ती एक ओळ: थिसिसचे गाइड, परीक्षक आणि सिनॉप्सिस समितीला खुले पत्र

प्रति,
पदव्युत्तर वैद्यकीय प्रबंधांचे गाइड, परीक्षक आणि सिनॉप्सिस (प्रबंधाचा आधी मंजूर करून घ्यायचा आराखडा) तपासणारे सर्व सभासद यांस,

विषय: तीन किंवा अधिक गटांची तुलना, डेटा नॉर्मल नसताना

आदरणीय सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागात संख्याशास्त्र शिकवते. शिकवण्यापेक्षा जास्त वेळ रेसिडेंट मुलामुलींचे मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या नोंदींचे तक्ते, बघण्यात जातो. थिसिस जमा करायची तारीख जवळ आली की माझ्या खोलीबाहेर ओपीडीसारखी रांग लागते. हातात पेन ड्राइव्ह, डोळ्यांवर झोप आणि तोंडात एकच वाक्य: "मॅडम, फक्त पी व्हॅल्यू काढून द्या." (पी व्हॅल्यू म्हणजे खरोखर फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता.)

मध्यंतरी सर्जरीचा एक मुलगा असाच रात्री नऊला आला. डायबेटिक फूटच्या जखमा, तीन प्रकारची ड्रेसिंग, जखम भरायला लागलेले दिवस. त्याने ॲनोव्हा, म्हणजे गटांच्या सरासरींची तुलना करणारी चाचणी, लावला होता. परत आलेल्या प्रतीच्या समासात लाल शाईने लिहिलं होतं, "डेटा नॉर्मल नाही. नॉन-पॅरामेट्रिक टेस्ट लावा." तो मला म्हणाला, "मॅडम, सगळे पेशंट डायबेटिकच आहेत. नॉर्मल डेटा कुठून आणू?"

हसू आलं, पण चूक त्याची नव्हती. ज्या कॉलेजात दिवसभर 'नॉर्मल' म्हणजे 'निरोगी', तिथे हा शब्द गोंधळ घालणारच. आणि लाल शाईची ओळही चूक नव्हती. ती फक्त अपुरी होती. वर्षानुवर्षं ती तशीच अपुरी लिहिली जाते, म्हणून हे पत्र.

नॉर्मल म्हणजे प्रसामान्य वितरण, घंटेच्या आकाराचं. नॉन-पॅरामेट्रिक म्हणजे हा आकार गृहीत न धरणारी चाचणी. प्रौढ पुरुषांची उंची साधारण तशी असते. पण तुमच्या थिसिसमध्ये जे मोजलं जातं त्यातलं बरंचसं तसं नसतं. वॉर्डातला मुक्काम, सीआरपी आणि फेरिटिनसारख्या रक्ततपासण्या, जखम भरण्याचे दिवस, उपचाराचा खर्च. या सगळ्यांना डावीकडे शून्याची भिंत आणि उजवीकडे मोकळं रान. बहुतेक रुग्ण भिंतीजवळ गर्दी करतात आणि दोन-चार जण लांब रानात निघून जातात. हा डेटाचा दोष नाही. आजार असाच वागतो.

त्या मुलाचे खरे आकडे मी इथे देत नाही. त्याच घडणीचे पंधरा आकडे या पत्रासाठी मी बनवले आहेत. अ ड्रेसिंग: ९, ११, १२, १४, ६१ दिवस. ब ड्रेसिंग: १३, १६, १७, १९, २२. क ड्रेसिंग: १८, २१, २४, २६, ३०. थिसिसच्या एका गटात पाचच रुग्ण नसतात हे मला ठाऊक आहे, पण पाच असले की हाताने करून बघता येतं.

सरासरी काढा. अ २१.४, ब १७.४, क २३.८. म्हणजे ब सगळ्यांत सरस आणि अ जवळजवळ क इतकंच रेंगाळणारं. आता मध्यक काढा, दहावीच्या गणितात मध्य, मध्यक, बहुलक म्हणून शिकलो तोच, ओळीत लावून मधला. अ १२, ब १७, क २४. इथे अ सगळ्यांत सरस! तेच पंधरा रुग्ण, दोन उलटे निष्कर्ष, आणि दोघांच्या मध्ये ६१ दिवस घेणारा एक माणूस उभा.

अ गट थिसिसच्या तक्त्यात कसा छापून येतो ते बघा: २१.४ ± २२.२ (सरासरी ± एसडी, म्हणजे प्रमाण विचलन, आकड्यांच्या पसाऱ्याचं माप). एका एसडीने खाली उतरलात की उणे ०.८ दिवस. जखम होण्याच्या आधीच भरली! ही खूण ओळखायला सॉफ्टवेअर लागत नाही. जी गोष्ट शून्याखाली जाऊच शकत नाही, तिचं एसडी सरासरीच्या निम्म्याहून मोठं दिसलं तर वितरण बहुधा एका बाजूला कललेलं असतं. परीक्षकांनी तक्त्यावरून नुसती नजर फिरवली तरी अशा ओळी सापडतील. मला तर दर दुसऱ्या थिसिसमध्ये सापडतात.

या आकड्यांवर ॲनोव्हाची पी व्हॅल्यू ०.७५ येते. तो खोटं बोलत नाही. गटागटांत फरक किती आणि गटाच्या आत उलथापालथ किती, एवढंच तो तोलतो. इथे गटांतर्गत वर्गांची बेरीज (प्रत्येक आकड्याचं आपल्या गटाच्या सरासरीपासूनचं अंतर, त्याचा वर्ग, आणि सगळ्यांची बेरीज) २१०३ आहे, आणि त्यातले १५६८ एकट्या त्या ६१ दिवसवाल्याचे. चौदा जणांनी मिळून पाव हिस्सा, एकट्याने पाऊण.

अशा वेळी मी मुलांना लॅपटॉप मिटायला लावते. पाठकोऱ्या कागदाच्या पंधरा चिठ्ठ्या करायच्या. अ चे दिवस निळ्या पेनाने, ब चे काळ्या, क चे लाल. टेबलावर लहानाकडून मोठ्याकडे ओळ लावायची, मग दिवस विसरून डावीकडून नंबर घालायचे, एक ते पंधरा. निळ्या चिठ्ठ्यांना १, २, ३, ५ आणि एकदम १५. काळ्यांना ४, ६, ७, ९, ११. लाल ८, १०, १२, १३, १४. बेरजा: अ २६, ब ३७, क ५७.

एक ते पंधराची बेरीज १२०. तिन्ही ड्रेसिंग सारखीच असती तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीसच्या आसपास आले असते. मग २६ आणि ५७ हे चाळीसपासून इतके लांब निव्वळ योगायोगाने जातील का? पंधरा चिठ्ठ्यांना पाच-पाच-पाच असे रंग वाटण्याच्या तऱ्हा ७,५६,७५६. त्यांतल्या किती तऱ्हांमध्ये बेरजा एवढ्या किंवा याहून जास्त विस्कटतात, हे मोजायचं. झाली क्रुस्कल-वॉलिस चाचणी. एच नावाचा आकडा येतो ४.९४. पाच-पाच-पाचच्या गटांसाठी पाच टक्क्यांची पायरी आहे ५.७८, म्हणजे आपण ती चढलो नाही. पण ०.७५ वरून पी व्हॅल्यू ०.०८ च्या घरात आली, कारण त्या एका माणसाचं ओझं आता एका नंबराइतकंच राहिलं. टेबलावरची ती ओळ बघितलेल्या मुलाला व्हायवामध्ये 'ही टेस्ट काय करते' हा प्रश्न अडत नाही.

ही कल्पना एका दिवसात आलेली नाही. १९३७ मध्ये मिल्टन फ्रीडमन यांनी, पुढे १९७६ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले तेच, नॉर्मलच्या गृहीतकातून सुटण्यासाठी नंबर वापरायची पद्धत मांडली. १९४५ मध्ये फ्रँक विल्कॉक्सन या रसायनशास्त्रज्ञाने दोन गटांसाठी, १९४७ मध्ये मान आणि व्हिटनी यांनी तीच नीट बांधून, आणि १९५२ मध्ये विल्यम क्रुस्कल आणि ॲलन वॉलिस यांनी अनेक गटांसाठी. इंजिनिअरिंगची मुलं ज्या क्रुस्कल अल्गोरिदमने वैतागतात तो विल्यमच्या भावाचा, जोसेफचा. आपल्याकडचं नावही यात आहे, आणि ते आपल्याच मुलांना कुणी सांगत नाही: पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात काम केलेले व्ही. पी. भापकर यांनी १९६१ मध्ये अनेक गटांच्या तुलनेसाठी स्वतःची एक नॉन-पॅरामेट्रिक चाचणी मांडली. भापकरांची चाचणी म्हणून जगभरच्या ग्रंथांत ती सापडते.

आता लाल शाईच्या ओळीतला अपुरेपणा.

पहिली गोष्ट म्हणजे नंबर घालताना हातचं काहीतरी सुटतं. वर्गात पहिल्या आणि दुसऱ्या आलेल्या मुलीत अर्ध्या मार्काचा फरक होता की चाळीस मार्कांचा, हे नंबरावरून कळत नाही. ६१ च्या जागी ३१ असते किंवा ६१० असते, तरी ती निळी चिठ्ठी पंधरावीच. जखम लवकर कोणत्या ड्रेसिंगने भरते असा प्रश्न असेल तर हे चालेल, किंबहुना हेच हवं. पण वर्षभरात किती कॉट लागतील, असा प्रश्न असेल तर? अ गटाचे पाच रुग्ण १०७ दिवस राहिले. कॉट अडवणाऱ्या त्या एका रुग्णाला नंबर पंधरा देऊन कॉट मोकळी होत नाही. तिथे सरासरीच लागते, कारण सरासरी गुणिले रुग्ण म्हणजे एकूण दिवस. थोडक्यात, चाचणी डेटाच्या आकाराआधी प्रश्नावरून ठरते, आणि प्रश्न गाइडने विचारलेला असतो, एसपीएसएस या सॉफ्टवेअरने नाही.

दुसरी गोष्ट. क्रुस्कल-वॉलिस मध्यकांची तुलना करते, असं जवळपास प्रत्येक थिसिसच्या पद्धतींच्या प्रकरणात लिहिलेलं असतं. तिन्ही गटांच्या वितरणाचा आकार सारखा आणि फक्त जागा सरकलेली असेल, तरच ते खरं. एरवी ती वेगळंच विचारते: या गटातला कुठलाही एक आणि त्या गटातला कुठलाही एक रुग्ण उचलला, तर कोण पुढे असण्याची शक्यता जास्त? आपल्या आकड्यांत अ आणि क च्या जोड्या लावा. पंचवीस जोड्या होतात, त्यांतल्या वीस जोड्यांत अ वाल्याची जखम आधी भरली. शंभरात ऐंशी. हे वाक्य रुग्णाच्या नातेवाइकालाही समजेल. 'एच बरोबर ४.९४' हे कुणालाच समजत नाही, तरी थिसिसमध्ये तेच छापतात आणि हे गाळतात. मध्यक द्या, सोबत आंतरचतुर्थक कक्षा, म्हणजे मधल्या निम्म्या रुग्णांची व्याप्ती, द्या (अ साठी १२, कक्षा ११ ते १४), आणि पंचवीसांत वीस असं एक साधं वाक्य द्या. आणि हो, एसपीएसएसने ०.००० छापलं म्हणून पी व्हॅल्यू शून्य होत नाही. ०.००१ पेक्षा कमी, असं लिहावं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त नडते. चाचणीची पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली की पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. पण ती एवढंच सांगते की तिन्ही गट एकसारखे नाहीत. कोण कोणापेक्षा वेगळा, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. मग मुलं दोन-दोन गट घेऊन तीनदा मान-व्हिटनी लावतात, आणि जिथे ०.०५ च्या खाली दिसेल तिथे तारा काढतात. हिशोब करा. खरोखर काहीच फरक नसताना एका तुलनेत चुकून फरक दिसायची शक्यता पाच टक्के. तीन तुलना जणू स्वतंत्र आहेत असं धरलं तर निदान एकदा फसायची शक्यता चौदा टक्क्यांवर जाते. चार गट असले की जोड्या सहा आणि शक्यता साडेसव्वीस टक्के. पाच गटांच्या दहा जोड्या, तिथे चाळीस. जोड्या एकमेकींत अडकलेल्या असल्याने आकडे नेमके असेच राहत नाहीत, पण रोख कळतो.

यावर औषध जुनं आहे. ऑलिव्ह जीन डन या बाईंनी १९६४ मध्ये क्रुस्कल-वॉलिसच्या पाठोपाठ करायची तुलना मांडली. तिचं वैशिष्ट्य असं, की एकदा टेबलावर लावलेली पंधरा चिठ्ठ्यांची ओळ ती मोडत नाही, त्याच नंबरांवर जोड्या तपासते. मान-व्हिटनी दर वेळी तिसरा गट टेबलावरून उचलून नव्याने नंबर घालते, म्हणजे प्रत्येक तुलनेचा पंच वेगळा. डन झाल्यावर, अनेक तुलनांमुळे वाढलेली फसगत आवरायला, पी व्हॅल्यूंना बॉनफेरोनी किंवा होल्म यांची दुरुस्ती लावायची. होल्मची (१९७९) पद्धत बॉनफेरोनीइतकीच संरक्षण देते आणि कमी कठोर आहे. तरी सवयीने सगळे बॉनफेरोनीच लिहितात. असो.

सिनॉप्सिसमध्येच 'आम्ही फक्त नवी दोन ड्रेसिंग जुन्याशी ताडणार' असं लिहिलं असेल तर दोनच तुलनांची किंमत मोजावी लागते, तीनची नाही. गटांना क्रम असेल, म्हणजे औषधाचा कमी, मध्यम, जास्त डोस, तर त्या क्रमाचाच फायदा घेणारी जॉन्कहीअरची चाचणी आहे. १९५४ ची. गेल्या कित्येक वर्षांत ती लावलेला एकच थिसिस माझ्यापुढे आला, आणि तिथेही परीक्षकांनी 'ही कोणती टेस्ट?' म्हणून खूण केली होती.

आणि कृपा करून गट इतके लहान ठेवू नका की उत्तर यायची शक्यताच उरू नये. तीन विरुद्ध तीन रुग्ण असतील तर नंबर लावायच्या तऱ्हाच वीस. सगळ्यांत टोकाचा निकाल लागला, एका गटातले तिघेही दुसऱ्यातल्या तिघांच्या पुढे, तरी दुबाजू पी व्हॅल्यू ०.१०. त्याखाली ती जाऊच शकत नाही. चार विरुद्ध चार असतील तर तळ ०.०२९, आणि तीन तुलनांची बॉनफेरोनी पायरी ०.०१६७ (०.०५ भागिले तीन). पुन्हा अशक्य! पायलट स्टडी म्हणून अशा थिसिसना मंजुरी मिळते आणि शेवटी 'फरक आढळला नाही' असं लिहिलं जातं. फरक आढळण्याची सोयच नव्हती, हे कुणी लिहीत नाही.

आता त्या ६१ दिवसवाल्याकडे येऊ. चार्टमध्ये असा आकडा दिसला की मुलांना दोनच गोष्टी सुचतात: 'आउटलायर म्हणून काढून टाकू का मॅडम?' किंवा 'नॉन-पॅरामेट्रिक लावलं की चालतं ना?' माझं उत्तर, आधी केस पेपर आण. कित्येकदा १६ चं ६१ झालेलं असतं. रात्री दोन वाजता एक्सेल भरताना बोटं उलटी पडतात. पण एकदा एका मुलीने केस पेपर आणला तेव्हा आकडा खरा निघाला. रुग्णाच्या पायाचा रक्तपुरवठाच बिघडलेला होता. ड्रेसिंग कुठलंही असतं तरी ती जखम रेंगाळलीच असती. मुलीने ती ओळ काढली नाही, चर्चेच्या प्रकरणात त्या रुग्णावर एक परिच्छेद लिहिला. माझ्या मते त्या थिसिसमधला तोच परिच्छेद वाचण्यासारखा होता.

याहून वाईट प्रकार दिसत नाही, म्हणून जास्त घातक. मुक्कामाच्या दिवसांचा तक्ता असतो. दुसऱ्या दिवशी दगावलेल्या रुग्णाच्या नावापुढे '२' लिहिलेलं असतं. चिठ्ठ्यांच्या ओळीत तो पहिला येतो, सगळ्यांत लवकर घरी गेल्यासारखा! ज्या गटात मृत्यू जास्त, तो गट सरस ठरतो. डामा घेऊन, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, गेलेल्या रुग्णाचंही तेच: जखम भरली की नाही माहीत नाही, पण रकान्यात पाच दिवस. अभ्यास संपला तेव्हाही उघडी असलेली जखम 'नव्वद' म्हणून नोंदलेली. अशा डेटाला क्रुस्कल-वॉलिस हे उत्तर नाहीच. जो किती दिवस नजरेखाली होता एवढंच माहीत आहे, त्याची माहिती तेवढीच धरणाऱ्या पद्धती आहेत, कॅप्लन-मायर आणि लॉग-रँक. त्या कॅन्सरपुरत्या आहेत असा आपल्याकडे उगाच समज आहे. आणि मृत्यू तर वेगळाच निकाल आहे, त्याला नुसतं 'नजरेआड' म्हणूनही भागत नाही. तो वेगळा मोजून वेगळा सांगावाच लागतो.

लाल ओळीतल्या 'डेटा नॉर्मल नाही' या निदानाबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण हे निदान करायची पद्धतच पुष्कळदा चुकते. तिन्ही गटांचे आकडे एका रकान्यात ओतून शापिरो-विल्क (१९६५) लावतात. अहो, गटांत खरा फरक असेल तर एकत्र ओतलेला डेटा दोन-तीन उंचवट्यांचा होणारच! ॲनोव्हाला नॉर्मल हवं असतं ते प्रत्येक गटाच्या आतलं, त्या-त्या गटाच्या सरासरीपासूनचं विचलन. शिवाय ही चाचणी दहा-बारा रुग्णांत वाकडा डेटासुद्धा सरळ म्हणून सोडते आणि हजार रुग्णांत केसाएवढ्या वाकडेपणालाही नापास करते. त्यापेक्षा प्रत्येक रुग्णाचा एक ठिपका काढा, तीन गट शेजारी-शेजारी. पंधरा असोत की नव्वद, ठिपक्यांच्या त्या चित्रात वाकडेपणा, गटांचा पसारा, तो एकटा रुग्ण, सगळं दिसतं. रंगीत खांबांच्या आलेखांवर मुलं शाई संपवतात, त्यांतून यातलं काहीच कळत नाही.

सीआरपी किंवा अँटिबॉडी टायटरसारख्या गोष्टी बेरजेने वाढत नाहीत, पटीने वाढतात. त्यांचे लॉग घेतले की पुष्कळदा वितरण आपोआप सरळ होतं, आणि मग साधा ॲनोव्हा चालतो, गुणोत्तर मध्यासकट (जिऑमेट्रिक मीन). आणि अडचण आकाराची नसून एका गटाचा पसारा दुसऱ्याच्या चौपट असण्याची असेल, तर क्रुस्कल-वॉलिसही त्यावर रामबाण नाही. वेल्चचा ॲनोव्हा (१९५१) बघावा.

एक अंधश्रद्धा मात्र पुरेपूर खोडून काढायची आहे. 'नॉन-पॅरामेट्रिक म्हणजे कमजोर, नाइलाज म्हणून लावायचं', हे वाक्य मी मोठमोठ्यांच्या तोंडून ऐकलं आहे. डेटा अगदी घंटेसारखा नॉर्मल असला आणि तरीही क्रुस्कल-वॉलिस लावली, तर मोठ्या सॅम्पलमध्ये तिची कार्यक्षमता ॲनोव्हाच्या ९५.५ टक्के राहते. शंभर रुग्णांचं काम एकशे पाच रुग्णांत. बस्स, इतकंच नुकसान. गटांत फरक फक्त जागेच्या सरकण्याचा असेल, तर कुठल्याही आकाराच्या डेटात ती ८६.४ टक्क्यांखाली जातच नाही, हे हॉजेस आणि लेहमन यांनी १९५६ मध्ये सिद्ध करून ठेवलं आहे. लांब शेपटीच्या डेटात उलट ती ॲनोव्हाला मागे टाकते. सत्तर वर्षं झाली या गोष्टीला.

ॲनेस्थेशियाच्या मित्रमंडळींसाठी एक ओळ: त्याच रुग्णाचा वेदना स्कोअर दोन, सहा, बारा आणि चोवीस तासांनी घेतलात तर ते चार गट नव्हेत. तीच माणसं चारदा आहेत. तिथे क्रुस्कल-वॉलिस नाही, फ्रीडमनची ती १९३७ ची चाचणी.

हे सगळं मुलांनी परीक्षेआधीच्या पंधरा दिवसांत शिकावं अशी अपेक्षा असेल तर ते वरातीमागून घोडं. १९३८ साली भारतात भरलेल्या पहिल्या संख्याशास्त्र परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात रोनाल्ड फिशर म्हणाले होते, की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला विचारणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगण्यासारखं आहे. फार तर प्रयोग कशाने मेला ते तो सांगेल. माझ्या खोलीबाहेरची रांग त्यासाठीच लागलेली असते. फक्त इथे प्रेत घेऊन येणाऱ्याला जिवंत रिपोर्ट हवा असतो.

म्हणून सिनॉप्सिस समितीला माझी मागणी अगदी छोटी आहे. 'सुयोग्य सांख्यिकीय चाचण्या वापरल्या जातील' ही ओळ जिथे असेल ती सिनॉप्सिस परत पाठवा. त्या जागी चार गोष्टी लिहून मागा: मुख्य मोजमाप कोणतं आणि ते कललेलं असण्याचा अंदाज आहे का, कोणकोणत्या जोड्या ताडणार आणि दुरुस्ती कोणती, मृत्यू, डामा आणि अपुरा पाठपुरावा कसा धरणार, गटात किती रुग्ण आणि का. अर्ध्या पानात बसतं. आधीच लिहिलेलं असलं की 'ॲनोव्हात नाही आलं, तर क्रुस्कल करून बघ, त्यातही नाही तर एक गट काढून बघ' हा खेळ थांबतो. हा खेळ मुलं स्वतःहून खेळत नाहीत. 'निगेटिव्ह थिसिस कोण वाचणार?' असं त्यांना वॉर्डच्या राउंडला कुणीतरी ऐकवलेलं असतं.

गाइड मंडळींना विनंती, 'सिग्निफिकंट आलं का?' हा पहिला प्रश्न नको. 'ठिपक्यांचं चित्र दाखव' असं म्हणा. परीक्षकांनी व्हायवात सूत्र विचारू नये, ते पुस्तकात असतं. शेवटच्या टोकाच्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारावं, हा पेशंट कोण होता? मुलाला सांगता आलं तर डेटा त्याने स्वतः गोळा केला आहे. नाही आलं, तर चाचणी कुठलीही लावलेली असो.

लाल शाईची ओळ लिहावीच लागली तर आणखी दोन शब्द जोडा: डेटा कुठे आणि कसा कलला आहे, आणि तुमच्या मते प्रश्न लवकर भरण्याचा आहे की एकूण दिवसांचा. त्या मुलाला त्या रात्री एवढंच हवं होतं. आम्ही दोघांनी मिळून चिठ्ठ्या लावल्या, केस पेपर मागवले, डामाचे रुग्ण वेगळे काढले. घड्याळात साडेअकरा झाले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, हे सिनॉप्सिसच्या वेळी सांगितलं असतं तर मी रकानेच वेगळे केले असते."

गुरुवारी दुपारी दोन ते चार मी मोकळी असते. पहिल्या वर्षाच्या मुलांना कोरी सिनॉप्सिस घेऊन पाठवा. मास्टर चार्ट नको. पाठकोरे कागद माझ्याकडे आहेत.

आपली नम्र,
पीएसएम विभागातली एक संख्याशास्त्राची शिक्षिका